लोकलमध्ये ऐकलेली पुस्तके : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वाचायला वेळ नसणाऱ्यांची सोय, एवढेच समजून ज्यांनी ऑडिओबुक आजवर बाजूला ठेवले आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव मुद्दाम सविस्तर लिहीत आहे. बोरिवली ते चर्चगेट हा माझा रोजचा प्रवास आहे आणि सकाळच्या फास्ट लोकलच्या महिला डब्यात पुस्तक उघडून धरण्याइतकी मोकळीक हातांना कधीच मिळत नाही. या अडचणीतून वाट काढण्यासाठी मी एका अ‍ॅपचे सदस्यत्व घेतले. मराठीत ऐकण्यासारखे फारसे काही नसेल, ही शंका पहिल्याच आठवड्यात फिटली. ऑडिओबुकचे स्टोरीटेल हे अ‍ॅप २०१७ मध्ये भारतात आले तेव्हा इंग्रजी आणि हिंदीच्या बरोबरीने त्यांनी मराठीपासूनही सुरुवात केली होती. आज कथा, कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन अशा सर्व प्रकारांत निवड करता येईल इतकी मराठी पुस्तके ऐकायला मिळतात.

सर्वांत मोठा फरक जाणवतो तो गतीचा. छापील पानावर माझी नजर वर्णनांवरून भराभर पुढे सरकते आणि संवाद आला की थांबते; कानाला ही मुभा नसते. साधारण ३०० पानांची कादंबरी सावकाश वाचून दाखवायला ९ ते १० तास लागतात आणि त्या सगळ्या वेळात लेखकाने जिथे रेंगाळायचे ठरवले आहे तिथे आपल्यालाही रेंगाळावे लागते. पावसाचे, वाड्याच्या पडवीचे किंवा एखाद्या लांबलेल्या दुपारचे वर्णन कथेच्या आड येत नाही, उलट पुढच्या प्रसंगाची तयारी तेच करत असते, हे मला ऐकतानाच नीट कळले. अनेकजण वेग वाढवून ऐकतात. माहितीपर पुस्तकासाठी सव्वापट वेग मलाही चालतो. कथेत मात्र त्याने विराम मरतात, आणि दोन वाक्यांमधला विराम गेला की संवादातला अर्धा ताण जातो.

मराठीपुरते बोलायचे तर ऑडिओबुकचे खरे वैभव बोलीभाषेत आहे. मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी संवाद छापील स्वरूपात वाचताना मुंबईत वाढलेला वाचक शब्दाचा अर्थ लावण्यातच अडकतो. देवनागरी अक्षरे शब्द दाखवतात, पण त्या बोलीचा हेल दाखवत नाहीत. तोच संवाद त्या मुलखातल्या माणसाच्या तोंडून आला की अर्थ विचारावाच लागत नाही आणि पात्राचे वय, मिजास, भीती हे सगळे आवाजातच कळते. माझी आई कुडाळची. एका कथेतली मालवणी ऐकून ती दुसऱ्याच मिनिटाला म्हणाली, “हो आमच्या हयचो नाय.” म्हणजे हा आमच्या इकडचा नाही. तिचे म्हणणे बरोबर होते, पुस्तक वाचून दाखवणाऱ्या अभिवाचकाने शब्द अचूक उच्चारले होते, पण वाक्याचा शेवट पुणेरी होत होता. प्रकाशकांनी बोलीतल्या पुस्तकासाठी त्या प्रदेशातलाच आवाज शोधावा, असे मला मनापासून वाटते, कारण आपल्याकडे यासाठी लागणारा कान आधीपासून तयार आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांचे कथाकथन ऐकायला गावोगावी माणसे जमत असत आणि ग्रामीण बोलीतली कथा त्या पिढीतल्या कित्येकांना आधी कानानेच भेटली.

वाचनाच्या दर्जाविषयी माझे मत ठाम झाले आहे. रंगभूमीवरचा मोठा नट चांगला अभिवाचक असतोच असे नाही. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज देण्याच्या आग्रहामुळे, विशेषतः पुरुष वाचकाने स्त्रीपात्रासाठी आवाज बारीक केला की, लक्ष कथेवरून कसरतीकडे जाते. केवळ लय आणि आघात यांत किंचित बदल करून पात्रे वेगळी ठेवणारे वाचक मला अधिक श्रेष्ठ वाटतात. पार्श्वसंगीत तर प्रकरणाच्या सुरुवातीपुरतेच असावे. लोकलच्या खडखडाटात ते शब्दांवर चढते.

तळटीपा, सनावळ्या आणि नकाशे असलेला इतिहासग्रंथ मात्र ऐकू नये. मागे जाऊन ताडून पाहणे सोपे नसल्याने नावे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे अशा पुस्तकाची छापील प्रत मी जवळ ठेवते.

पुस्तक घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवावे, नाहीतर चालत्या गाडीत ते ऐन प्रसंगात अडकते. रस्ता किंवा फलाट ओलांडताना एक कान मोकळा ठेवावा. याबाबतीत हयगय नको. पैसे भरण्याआधी सवय लावून पाहायची असेल तर जुन्या साहित्यापासून सुरुवात करता येईल. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे १९५० मध्ये निधन झालेल्या साने गुरुजींचे लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. अशा लेखनाची हौशी वाचकांनी केलेली ध्वनिमुद्रणे विनामूल्य ऐकता येतात. त्यांचा दर्जा कमीअधिक असतो, पण त्यांतल्या काहींमध्ये व्यावसायिक स्टुडिओतही न सापडणारी आत्मीयता आहे.

मी वापरत असलेल्या अ‍ॅपबद्दल दोन तक्रारी आहेत. प्रकरणांना मूळ शीर्षकांऐवजी नुसते क्रमांक दिलेले असतात आणि पुस्तक संक्षिप्त आहे की संपूर्ण, हे काही ठिकाणी स्पष्ट लिहिलेले नसते. तरीही सदस्यत्वाचे मी नूतनीकरण केले आहे. आता पुस्तक निवडताना मी लेखकाइतकेच अभिवाचकाचे नाव पाहते, म्हणून मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाखाली अभिवाचकाचे नाव ठळक छापावे आणि त्या नावाने शोधता यावे, ही विनंती मी अ‍ॅपच्या अभिप्रायातही लिहून पाठवली आहे.