मुंबई ते मोपा की मुंबई ते दाबोळी? वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

मी गोरेगावला राहतो, घर सावंतवाडीला. आईवडील तिकडेच, त्यामुळे दर महिना-दीड महिन्याला फेरी ठरलेली. गोव्याला दोन विमानतळ आहेत: वास्कोजवळचा जुना दाबोळी आणि उत्तरेला पेडण्यातला नवा मोपा. पूर्वी दाबोळीला उतरायचो, आता बहुतेक वेळा मोपाला.

तिकिटावर दोन्हीकडे साधारण सव्वा तासच दिसतो. मुंबईहून मोपा सरळ रेषेत सुमारे 390 किलोमीटर, दाबोळी 425 च्या आसपास. हा फरक विमानाला तीन-चार मिनिटांचा. आणि मुळात आपण हवेत असतो पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं. बाकीचा वेळ मुंबई खाते. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. उतरणारे आणि उडणारे सगळे त्याच रांगेत. कंपन्या ही रांग हिशेबात धरूनच वेळ छापतात. म्हणून वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमानही वेळेवर पोचतं आणि वर त्याची घोषणा होते!

खरा हिशेब उतरल्यावर सुरू होतो. मोपाहून सावंतवाडी 30 किलोमीटरच्या आत-बाहेर. बांद्यावरून पाऊण तासात घरी. दाबोळीहून तेच अंतर 85-90. झुआरीचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची ती कुप्रसिद्ध कोंडी सुटली हे खरं, पण पुढे पणजी आहे, पर्वरी आहे, म्हापसा आहे. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चालू असताना दोन तासांचे तीन कधी झाले कळायचं नाही. आईचं एकच पालुपद, "थंय दाबोळीक कित्याक जातंस?"

तरी कधीकधी जातो, कारण तिकीट स्वस्त मिळतं. पण टॅक्सीचे पैसे मिळवले की ती बचत उरत नाही. गोव्यात ओला-उबर नाही. गोवामाइल्स हे तिकडचं टॅक्सीचं ॲप, नाहीतर काउंटरवरची टॅक्सी. एकटे असाल आणि सामान कमी असेल तर मोपाहून कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी एसटीची, इलेक्ट्रिक बस पणजी, म्हापसा, मडगावला जाते. स्वच्छ आहे, वातानुकूलित आहे. सावंतवाडीकरांना तिचा उपयोग नाही, एवढंच.

दाबोळी नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा. सकाळचे काही तास सरावासाठी राखलेले असल्याने तिथे विमानांच्या वेळा अडचणीच्या पडतात. जानेवारी 2023 ला सुरू झालेल्या मोपाला ते बंधन नाही, त्यामुळे वेळ निवडायला वाव जास्त.

एक इशारा मात्र ठळक. 'गोवा' एवढंच बघून तिकीट काढू नका. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. आखातातून आलेला माझा मावसभाऊ दाबोळीला उतरला आणि त्याचं पुढचं विमान होतं मोपाहून. दोन्ही विमानतळांत सरळ रेषेत जेमतेम 40 किलोमीटर, रस्त्याने 60 च्या वर, मध्ये तीन नद्या आणि राजधानी. विमान मिळालं, पण धावत. एकीकडे उतरून दुसरीकडून उडायचं असेल तर मधे निदान पाच तास ठेवा, शनिवार-रविवारी सहा.

मडगाव, काणकोण, वास्कोवाल्यांनी माझं ऐकू नये. त्यांना दाबोळीच बरं. पेडणे, म्हापसा, शिरोडा, वेंगुर्ला, सावंतवाडी, दोडामार्ग इकडच्यांनी तिकीट शंभर-दोनशे रुपयांनी महाग असलं तरी मोपाच घ्यावं. हजाराच्या वर फरक गेला तर मी अजूनही दाबोळीला उतरतो आणि आईला घरी पोचल्यावर सांगतो.