सोलापूरच्या उन्हात कॅरव्हॅनमधला अमोनियाचा फ्रीज : आठ महिने वापरून झाल्यावर

गेल्या नोव्हेंबरात आम्ही टेम्पो ट्रॅव्हलरची कॅरव्हॅन करून घेतली. सासूबाईंचे गुडघे गेलेत, एसटीची पायरी चढवत नाही, पण तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर ही ओढ काही सुटत नाही. त्यांना रोज दोन वेळा इन्सुलिन लागतं, म्हणून गाडीत फ्रीज हवाच होता. गाडीची बॉडी बांधणाऱ्यांनी थ्री-वे फ्रीज सुचवला. तो २३० व्होल्टवर, गाडीच्या १२ व्होल्टवर आणि गॅसवरही चालतो. हॉटेलच्या खोलीत कोपऱ्यात तो अजिबात आवाज न करणारा छोटा फ्रीज असतो ना, त्याच जातीचा, फक्त मोठा. आमचा ९० लिटरचा आहे.

थंडीत तक्रारीला जागाच नव्हती. गड्ड्याच्या यात्रेला आलेले पाहुणे दोन रात्री गाडीतच झोपले, फ्रीज चालू आहे हे त्यांना कळलंसुद्धा नाही. आत कॉम्प्रेसर नाही, फिरणारा एकही भाग नाही, मग आवाज कुठून येणार?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र त्याने हात टेकले. अक्कलकोटहून दुपारी परत येत होतो, बाहेर ४२ अंश. घरी येऊन दार उघडलं तर आतला थर्मामीटर १६ दाखवत होता आणि लोण्याचं पार तेल झालं होतं. इन्सुलिनच्या खोक्यावर २ ते ८ अंश असं स्पष्ट छापलेलं असतं. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, भरवसा ठेवू नका. दोन न उघडलेली पेनं टाकून दिली. सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या पौर्णिमेला तुळजापूरचं निघालं तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी." ज्यांच्यासाठी गाडी केली त्याच घरी बसणार, हे मला फार लागलं.

आधी मी सगळ्यांसारखंच केलं. बटण फिरवून शेवटच्या आकड्यावर नेलं. काही फरक पडला नाही. ज्यांनी फ्रीज बसवला त्यांना फोन केला, तर "उन्हाळ्यात एवढं चालायचंच" असं उत्तर आलं. शेवटी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत फ्रीज-एसीची कामं करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी फ्रीजचं दार उघडलंच नाही. सरळ गाडीच्या बाहेर गेले, फ्रीजमागच्या पत्र्याला हवेसाठी खाली-वर दोन जाळ्या आहेत त्यातल्या वरच्या जाळीपुढे तळहात धरला आणि मला म्हणाले, "ताई, हात लावून बघा. इथनं गरम हवा भसाभसा याला पाहिजे. काहीच येईना की."

त्यांनी मग मला पाठीमागचा सगळा संसार समजावून सांगितला. खाली एक छोटी बॉयलरची नळी असते. तिथे बर्नर किंवा हीटर अमोनिया मिसळलेलं पाणी तापवतो. अमोनियाची वाफ वर चढते आणि फ्रीजच्या पाठीमागे वरच्या बाजूला पंखांसारख्या पट्ट्या असलेल्या कंडेन्सरमध्ये थंड होऊन तिचा द्रव होतो. तो द्रव आतल्या नळ्यांत हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा वाफ होतो आणि होताना डब्यातली उष्णता ओढून घेतो. मग पाणी त्या अमोनियाला पुन्हा शोषून घेतं आणि सगळं फिरून खाली बॉयलरशी येतं. १९२२ साली स्टॉकहोममधल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी काढलेली युक्ती आहे ही, आणि मूळ रचना आजही तीच.

यातली गोम कंडेन्सरपाशी आहे. आत ओढलेली उष्णता आणि बर्नरची उष्णता, दोन्ही त्या पाठीमागच्या पट्ट्यांतून हवेत जायला हव्यात. घरच्या फ्रीजसारखा त्याला कॉम्प्रेसरचा जोर नाही. खालच्या जाळीतून हवा शिरावी, तापून चुलीच्या धुराड्यासारखी वर चढावी आणि वरच्या जाळीतून बाहेर पडावी, एवढ्यावरच सगळी भिस्त. आमच्याकडे फ्रीजची पाठ आणि गाडीचा पत्रा यांत चार बोटांहून जास्त मोकळी जागा सोडलेली होती. मला वाटायचं, जागा जास्त तेवढं बरं. ते चूक होतं. हवा पट्ट्यांना न शिवता त्या मोकळ्या जागेतूनच वर जाते, आणि फ्रीजच्या डोक्यावर जो पोकळ खण राहिला होता तिथे गरम हवा कोंडून बसते. बाहेर ४२ असताना त्या खणात थर्मामीटर घातला तर ६१ निघालं. अशा हवेत अमोनियाचा द्रव होणार कसा? बटण शेवटच्या आकड्यावर नेल्याने का फरक पडला नाही तेही इथे कळलं. ज्योत आधीच अखंड जळत होती.

मिस्त्रींनी एक परीक्षा शिकवली ती कुणालाही घरी करता येईल. गॅस पूर्ण बंद करून फ्रीज विजेवर दोन तास चालवायचा आणि खालच्या जाळीशी उदबत्ती धरायची. आमच्या उदबत्तीचा धूर आत गेला, थोडा वर चढला आणि मध्येच घुटमळत राहिला.

दुरुस्ती दोन दिवसांत झाली. मागच्या बाजूने पत्रा आत घेऊन पट्ट्या आणि पत्रा यांत साधारण एक इंच अंतर ठेवलं. दोन्ही बाजूंच्या फटी ग्लासवूलने भरल्या. डोक्यावरच्या खणात तिरपा पत्रा ठोकून हवा सरळ वरच्या जाळीकडे वळवली. कॉम्प्युटरमध्ये असतात तसे १२ व्होल्टचे दोन पंखे कंडेन्सरच्या वर, हवा बाहेर फेकतील असे बसवले. खाली बर्नरच्या जवळ पंखा लावू नका, ज्योत फडफडते आणि विझते. पंख्यांना उष्णतेवर चालणारा स्विच आहे, त्यामुळे रात्री गारव्यात ते आपोआप थांबतात. सगळे मिळून अडीच हजारांच्या आत खर्च आला. नंतर उदबत्ती धरली तेव्हा धूर दोरी ओढावी तसा सरळ वर गेला. मी सासूबाईंना खुर्ची टाकून तिथे बसवलं आणि दाखवलं.

मे महिन्यातल्या माझ्या नोंदी सांगते. बाहेर ४३ असताना, गाडी दारात, फ्रीज घरच्या विजेवर : सकाळी सहाला आत ४, दुपारी चारला ७. गॅसवर त्याच वेळी ८ पर्यंत जातं. १२ व्होल्टवर मात्र प्रवासात दोन तासांत तीन अंश चढतात, ती वीज थंडावा टिकवायला आहे, थंड करायला नाही. म्हणून आम्ही आता पहाटे पाचला निघतो. गाडी चालताना गॅस बंदच ठेवतो.

जागा समतल असणं मला आधी चोचले वाटायचे. तसं नाही. आतला द्रव केवळ उतारावर ओघळत फिरतो, त्यामुळे गाडी एका अंगाला कलली की तो अडतो, बॉयलर कोरडा तापतो, आणि असं वारंवार झालं तर युनिट कायमचं जातं. चालत्या गाडीत हिंदकळून भागतं, उभ्या गाडीत नाही. तुळजापूर घाटावरचं गाव, तिथे सपाट जागा मिळणं कठीण. मी गवंड्याकडे असते तशी छोटी पाणसळ फ्रीजमध्येच ठेवलीये. थांबल्या थांबल्या तळाच्या कप्प्यावर ठेवते आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत चाकाखाली फळ्या सरकवतो. नवीन ठिकाणी पहिलं काम हे, चहा नंतर.

फ्रीजची बाजू दुपारनंतर पश्चिमेला येऊ द्यायची नाही. आलीच तर दोन बांबू लावून जुनी सोलापुरी चादर पत्र्यापासून हातभर लांब टांगते. जाळीवर चादर टेकली तर केलेलं सगळं वाया जाईल, म्हणून ते अंतर महत्त्वाचं.

भरण्याबद्दल थोडं. आदल्या संध्याकाळी विजेवर लावून रात्रभर चालू द्यायचा, कारण याला गार व्हायला दहा-बारा तास लागतात. घरच्या फ्रीजमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या सकाळी आत. गरम दूध, नुकतीच शिजवलेली भाजी कधीही नाही. पिण्याचं पाणी माठातलं, म्हणजे दुपारी कुणी दार उघडत नाही. इन्सुलिन स्टीलच्या डब्यात नॅपकिन गुंडाळून मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला ठेवते, आतल्या फिनला, म्हणजे थंडावा देणाऱ्या पट्ट्यांना, टेकवून कधीच नाही. तिथे ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. थर्मामीटरची तार त्या डब्यातच सोडलीये, त्यामुळे दार न उघडता आकडा दिसतो.

नवीन घेणाऱ्यांना मनापासून सांगते : आपल्याकडे कॅरव्हॅन करत असाल आणि छतावर सोलर बसवणार असाल तर १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज घ्या. उन्हात तो जास्त भरवशाचा आहे आणि गाडी कललेली असली तरी चालतो. अमोनियाचाच घ्यायचा तर आतलं स्टिकर वाचा. त्यावर हवामानाचा वर्ग असतो : 'एन' म्हणजे ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' ३८, 'टी' ४३. आमचा 'एसटी' निघाला. सोलापूरच्या गाडीत तो बसवणाऱ्यांनी ही गोष्ट आम्हाला सांगायला हवी होती. विचारलं नाही ही आमची चूक मी मानत नाही, गिऱ्हाइकाला हे माहीत असायचं कारण नाही. तरी आता तो बदलणार नाही. सासूबाईंचा पलंग फ्रीजला लागूनच आहे आणि त्यांची झोप सावध. रात्री पुटकन आवाज झाला तरी उठतात. याच्या शेजारी त्या शांत झोपतात.

पिवळट भुकटी नळ्यांवर दिसली किंवा अमोनियाचा उग्र वास आला तर फ्रीज लगेच बंद करा, खिडक्या उघडा, ते युनिट गळतंय. आमच्याकडे तसं काही झालं नाही. जूनमध्ये मात्र ज्योत पिवळी पडायला लागली. बघतो तर बर्नरच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. मिस्त्रींनी जेट, म्हणजे गॅस सुटतो ते बारीक तोंड, काढून साफ केला, मी दोन्ही जाळ्यांना आतून बारीक स्टीलची जाळी लावली. तीही दर महिन्याला ब्रशने झाडावी लागते, धुळीने भरली की हवा पुन्हा कोंडते. आषाढीआधी परवाच झाडून घेतली. पंढरपूरला जायचं ठरलंय, आणि या वेळी सासूबाईंनी स्वतःची पिशवी चार दिवस आधीच भरून ठेवलीये.