आठवडी बाजारात ‘मिनिटात कीटण काढून देणाऱ्या’पासून आपली माणसं सांभाळा

माझ्या आत्याला आठवडी बाजारात एका माणसाने फसवलं. पैसे सहाशेच गेले, पण दातांचं जे नुकसान झालं ते भरून येणारं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. आम्ही जालन्याकडचे. हा माणूस एका गावाला टिकून बसत नाही, ज्या गावचा बाजार असेल तिकडे जातो.

आत्याने उभा जन्म मिश्री लावली. दात काळे पडलेले, खालच्या पुढच्या दातांना आतून कीटणाचा जाड थर. नातीचं लग्न ठरलं होतं आणि फोटोत मोकळेपणाने हसावं एवढीच तिची हौस. ताडपत्री पसरून बसलेल्या त्या माणसाने ते बरोबर हेरलं. “या आजी, फुकट दाखवतो, पटलं तर घ्या.” काडीला कापूस गुंडाळला, पाण्यासारख्या औषधात बुडवला आणि वरच्या एका दातावर घासला. काळा थर उतरला, दात पांढराफेक! लगेच आरसा पुढे. भोवती ही गर्दी. मग त्याने हळूच सांगितलं, “दवाखान्यात मशीन लावतात, त्यानं दात हलतात. ही जडीबुटी आहे, मुळं उलट घट्ट होतील.”

खरी मेख या वाक्यात आहे. साफ केल्याने दात हलतात ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे आणि असली माणसं तिच्यावरच पोट भरतात. खरं काय ते सांगते. दातांवर रोज जंतूंचा मऊ, चिकट थर बसतो. तो ब्रशने निघतो. राहिला तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसून काही दिवसांतच त्याचा दगड होतो, तेच कीटण. खालच्या पुढच्या दातांच्या मागे लाळेच्या ग्रंथी उघडतात, म्हणून तिथे ते सगळ्यात जास्त साचतं. त्यामुळे हिरड्या सुजतात आणि आतलं हाड झिजत जातं. डॉक्टर कीटण काढतात तेव्हा आधीच सैल झालेला दात उघडा पडतो. तो मशीनने हललेला नसतो.

आत्याने बाटली आणि लाल पावडरची पुडी घेतली. रोज बोळा फिरवायचा आणि वरून पावडर घासायची, असं सांगितलेलं. थोड्याच दिवसांत गार पाणी सोडाच, वारा लागला तरी कळ मस्तकात जायला लागली. हिरड्या पांढऱ्या पडून सोलल्यासारख्या झाल्या. मी बाटली हातात घेतली, तर ती खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, वरचं लेबल खरवडून काढलेलं. ओट्याखालच्या शहाबादी फरशीवर दोन थेंब टाकले. फसफसून फेस आला आणि पुसल्यावर तिथे खरबरीत पांढुरका डाग राहिला. जडीबुटी कसली, ते ॲसिड होतं. पावडर चिमटीत धरली तर वाळूसारखी करकरत होती.

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेलं. डॉक्टरबाईंनी आरसा धरून मला दाखवलं: समोरच्या दातांवरचं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, पार विरघळलेलं, आणि मागचं कीटण जसंच्या तसं. बोळा तिथवर पोचलाच नव्हता. काळा डाग गेला तो इनॅमलच्या थरासकट. इनॅमल पुन्हा उगवत नाही. मागचं कीटण त्यांनी तिथेच काढून दिलं आणि एकही दात हलला नाही. सरकारी ठिकाणी हे काम अगदी कमी खर्चात होतं, हे आत्याला आधी कुणी सांगितलं असतं तर!

घरगुती उपायांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, कारण मोबाईलवर लिंबू-सोड्याचे व्हिडिओ सारखे फिरतात. लिंबू दातांवर चोळू नका, तेही आम्लच आहे. राख, विटकर, कोळसा यांनी दात साफ होत नाहीत, उलट झिजतात. मिठाच्या कोमट पाण्याने सुजलेल्या हिरडीला आराम पडतो. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून कुंचा करून फिरवली तर मऊ थर निघतो. तिळाच्या तेलाच्या गुळण्यांनी नुकसान नाही. पण यातल्या कशानेही दगड झालेलं कीटण सुटत नाही. घरी ते होऊ न देणं एवढंच आपल्या हातात आहे: फ्लोराइडच्या पेस्टने दोन वेळा ब्रश, रात्रीचा तर चुकवायचाच नाही, खालच्या दातांची आतली बाजू मुद्दाम घासायची. आणि मिश्री सोडायची. तंबाखू घातलेल्या पेस्ट आणि मंजनांवर १९९२ पासून बंदी आहे, पण चुलीवर भाजलेली मिश्री कोण अडवणार?

नोंदणी नसताना दातांवर इलाज करणं कायद्याने गुन्हा आहे. असा माणूस दिसला तर पोलिसांना आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला कळवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार घेतात. ज्या बाटलीवर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नाही ती तोंडाजवळ नेऊ नका. कुणी आधीच लावलं असेल तर साध्या पाण्याने भरपूर चुळा भरा, लगेच ब्रश फिरवू नका. आणि बाटली फेकू नका, ती घेऊनच दातांच्या डॉक्टरांकडे जा.