आयकियाचं फर्निचर: परदेशातल्या पहिल्या घरासाठी काय घ्यावं, काय सोडावं

परदेशात संसार मांडताना पहिली मोठी खरेदी बहुतेकांची आयकियातच होते, आणि त्यात वावगं काही नाही. सामान चपट्या खोक्यांतून येतं, लिफ्ट नसलेल्या जिन्यानेही वर चढतं आणि माहितीपत्रकात नुसती चित्रं असल्याने तिथली भाषा न येणाऱ्यालाही जोडता येतं. पण पहिलं घर सहसा फार दिवस राहत नाही. गाव हिंडून झालं, ऑफिस, शाळा आणि स्टेशन यांची अंतरं कळली, की मंडळी घर बदलतात. म्हणून इथे एकच कसोटी लावली आहे: वस्तू उघडून पुन्हा जोडली तर तग धरते का?

स्वस्तातल्या बहुतेक वस्तू पार्टिकल बोर्डच्या असतात, म्हणजे दाबून चिकटवलेला लाकडाचा भुसा, वर कागदाचा किंवा मेलामाइनचा थर. जोड तीन गोष्टींवर उभा असतो: लाकडी खुंट्या, धातूची पिन आणि ती पिन ओढून धरणारी गोल चकती, म्हणजे कॅम. पिन तिच्या गळपट्टीपर्यंतच, म्हणजे आट्यांच्या वरच्या कडेपर्यंतच, आत जायला हवी. वर राहिली तर फळ्यांमध्ये फट दिसते, जास्त आत गेली तर चकतीला तिचं डोकं सापडतच नाही. चकती बसवताना तिच्यावरचा बाण पिन येणाऱ्या कडेकडे असावा, आणि मग ती साधारण अर्धा फेरा उजवीकडे फिरवावी. घट्ट लागली की थांबायचं. आणखी जोर लावला तर चकतीभोवतीचा भुसा चुरतो आणि तो जोड कायमचा ढिला होतो.

इथेच ड्रिल मशीनचा मोह नडतो. पार्टिकल बोर्डमधले आटे एकदा गेले की स्क्रू नुसता फिरत राहतो. मशीन वापरायचंच असेल तर क्लच, म्हणजे फिरवण्याचा जोर ठरवणारी आकड्यांची कडी, सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवावा आणि शेवटचे दोन-तीन फेरे हातानेच द्यावेत. दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही: आयकियाचे चौफुलीचे स्क्रू साध्या फिलिप्सचे नसतात, पॉझीड्राइव्ह असतात. चौफुलीच्या मध्ये चार बारीक रेघा दिसल्या तर तेच. त्यांना पीझेड 2 नंबरचं टोक लागतं. फिलिप्सचं टोक निसटतं, डोकं झिजतं आणि मग तो स्क्रू उघडणं ही वेगळीच कामगिरी होऊन बसते.

पुस्तकांसाठी बिली नावाचं कपाट. 80 सेंटिमीटर रुंद, 28 खोल, 202 उंच. रुंद फळीला 30 किलोची मर्यादा, जी जाड पुस्तकांच्या एका ओळीत जवळपास संपते. मागची पातळ पाठ ही शोभेची वस्तू नाही, सगळी चौकट तिच्यामुळेच काटकोनात राहते. पाठ लावण्याआधी दोन्ही कर्ण मोजून सारखे करावेत, नाहीतर कपाट एका अंगाला कलतं. जुन्या बिलीत ही पाठ खिळ्यांनी ठोकलेली असते. उघडताना ती फाटते आणि दुसऱ्यांदा त्याच भोकांत खिळे धरत नाहीत. एका स्थलांतरापुरती बिली ठीक आहे, पुढची खात्री नको.

चौकोनी खणांची कॅलॅक्स मांडणी त्यापेक्षा कणखर. आतल्या फळ्या खुंट्यांवर आणि बाहेरची चौकट लांब बोल्टांवर, त्यामुळे उघडणं सोपं. खण 33 बाय 33 सेंटिमीटर, एका फळीला 13 किलो. शेवटची बाजू बसत नसेल तर आतली एखादी खुंटी पूर्ण आत गेलेली नसते. रबरी हातोडीने फळी हळूहळू ठोकावी, बोल्ट आवळून ती ओढू नये.

लॅकचं छोटं टेबल घ्या आणि विसरून जा. आत कागदाची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी आहे, म्हणून उचलायला हलकं. पण मध्ये स्क्रू मारला तर धरायला काहीच नसतं. पाय हाताने निघतात, घर बदलताना एवढं पुरे.

थोडे जास्त पैसे घालायचेच असतील तर ते भरीव पाइनच्या वस्तूंत घालावेत: इव्हारच्या मांडण्या, टार्व्हाचा पलंग. इव्हारच्या फळ्या खुंट्यांवर नुसत्या टेकतात, मागे लोखंडी फुली लागते, बस. ती लावायला विसरलात तर मांडणी डुलते. लाकूड कोरं येतं, त्यामुळे डाग लगेच पडतात; तेल किंवा वॉर्निश जोडण्याआधीच लावलेलं बरं.

पॅक्सचं मोठं कपाट मात्र पहिल्या घरात नकोच. 236 उंच आणि 58 खोल कपाट आडवं जोडून उभं करायचं तर त्याचा कर्ण 243 सेंटिमीटर भरतो. छत 240 असेल तर कपाट वर टेकून अडकतं. 201 उंचीच्याला 210 पुरतात. शिवाय जमीन सपाट नसेल तर सरकती दारं आपोआप एकीकडे घरंगळतात; दारं लावण्याआधी खाली पाचर घालून पातळी नीट करावी.

पलंग घेताना मापं पाहा. युरोपातली 140 किंवा 160 बाय 200 ची गादी ब्रिटिश दुकानांतल्या 150 बाय 200 च्या चादरीत किंवा अमेरिकेतल्या क्वीन मापाच्या, म्हणजे 152 बाय 203 च्या, चादरीत नीट बसत नाही. मायदेशातून चादरी नेत असाल तर आधी टेपने मोजून पाहा. मधला लोखंडी दांडा, म्हणजे स्कोर्व्हा, आणि खालच्या पट्ट्या यादीत आहेत का हेही तपासावं. त्या राहिल्या तर पलंग जोडलेला आणि झोप जमिनीवर. गुंडाळून आलेली फोमची गादी पूर्ण फुगायला तीन दिवस घेते.

आता भिंत, म्हणजे कपाट भिंतीला पक्कं करणं. ही पायरी वगळायची नाही. खणांची कपाटं लहान मुलांवर कोसळल्यामुळे 2016 मध्ये अमेरिकेत आयकियाला माल्म या मॉडेलसकट सुमारे 2 कोटी 90 लाख कपाटं परत मागवावी लागली. मूल वर चढायला उघडे खण पायऱ्यांसारखे वापरतं आणि वजन पुढे येतं. खोक्यात भिंतीला बांधायची पट्टी मिळते, पण भिंतीतले स्क्रू आणि प्लग (स्क्रू धरायला भोकात बसवायची नळी) बहुधा मिळत नाहीत, कारण भिंत कुठली हे कंपनीला माहीत नसतं. बोटाने टकटक करा: पोकळ आवाज आला तर जिप्समची भिंत, तिथे आतला लाकडी खांब शोधून त्यातच स्क्रू घालावा, नाहीतर पोकळ भिंतीचा उघडणारा प्लग. विटेला किंवा काँक्रीटला हॅमर ड्रिल आणि नायलॉनचा प्लग. भाड्याच्या घरात भोकांना आधी परवानगी घ्यावी. निघताना ती पुट्टीने बुजवता येतात.

सुट्टे भाग हा आयकियाचा खरा गुण. माहितीपत्रकात प्रत्येक स्क्रूखाली छापलेला आकडा दिला की छोटे भाग बहुतेक ठिकाणी फुकट मिळतात. म्हणून माहितीपत्रक टाकू नका, आणि उघडलेले स्क्रू पिशवीत भरून ती फळीलाच चिकटवून ठेवा. आटे गेलेल्या भोकात लाकडी टूथपिक आणि लाकडाचा गोंद भरून वाळू दिला की स्क्रू पुन्हा धरतो. खुंट्यांना मात्र गोंद लावू नका. तो लावायचा दुसऱ्या किंवा तिसऱ्या घरात, जिथून हलायचं नाही असं ठरलं असेल तिथे.