कंपनीच्या इंजिनाला टर्बो: पिगीबॅक की स्टँडअलोन?

टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) केवढा घ्यायचा, ती तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर कुठे बसवायचा, यावर महिनोन्‌महिने खल होतो आणि ईसीयूचा, म्हणजे इंधन किती आणि ठिणगी कधी हे ठरवणाऱ्या कॉम्प्युटरचा, विषय अगदी शेवटी निघतो. पण पिस्टन, कनेक्टिंग रॉड, हेड गॅस्केट सगळं मूळचंच ठेवून टर्बो लावायचा असेल, तर इंजिन टिकणार की नाही हे बरंचसं या शेवटच्या निवडीवर ठरतं, असं माझं मत झालं आहे. मूळ ईसीयू ठेवून त्याच्या सिग्नलमध्ये फेरफार करणारा जोडडबा म्हणजे पिगीबॅक, आणि इंजिनाचा सगळा कारभार स्वतःकडे घेणारा वेगळा ईसीयू म्हणजे स्टँडअलोन. मी एकाच गाडीवर दोन्ही वापरले. आधी दीड वर्ष पिगीबॅक, मग तीन वर्षं स्टँडअलोन. इंजिन तेच, १०:१ कॉम्प्रेशनचं (मिश्रण दहाव्या हिश्शात दाबणारं) साधं चार सिलिंडर पेट्रोल. बूस्टही (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) तोच, ०.४ बार.

तुमच्या गाडीचा मूळ ईसीयू रीमॅप होत असेल (त्यातले इंधनाचे आणि ठिणगीचे आकडे बदलता येत असतील) आणि ते काम करणारा जाणता ट्यूनर मिळत असेल, तर खुशाल त्याच वाटेने जा. माझ्या ईसीयूला ती सोयच नव्हती.

०.४ बार ऐकायला किरकोळ वाटतो. पण हवेचा दाब मुळात साधारण १ बार असतो, म्हणजे आपण ढोबळमानाने ४० टक्के जास्त हवा कोंबतो, तीही तापलेली. १९६२ साली ओल्ड्समोबाईलने जेटफायरमध्ये १०.२५:१ कॉम्प्रेशनवर टर्बो दिला, तेव्हा नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी, आपोआप होणारा स्फोट) आवरायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात सोडावं लागत होतं. अनेक मालक ती टाकी भरतच नसत. मूळच्या ओतीव पिस्टनवर नॉकिंग सुरू झालं की बहुधा रिंगांमधली पट्टी आधी तुटते, आणि ती तुटताना पूर्वसूचना देत नाही.

पिगीबॅकच्या बाजूने बोलायचं तर बसवायला तो फार सुटसुटीत. मोजक्या वायरी जोडायच्या, मूळ ईसीयू जागच्या जागी राहतो. थंड इंजिन एका झटक्यात सुरू होतं, एसी लावला तरी आयडल (गाडी उभी असतानाची इंजिनाची गती) हलत नाही, डॅशबोर्डवर सगळं पूर्ववत दिसतं. शिवाय कंपनीचं नॉक सेन्सर आणि त्यामागची हुशारी आयती मिळते. उद्या गाडी मूळ स्थितीत आणायची म्हटली तर एका दुपारचं काम.

मग मी तो का काढला? एकाच कारणाने: त्याचं मिश्रण एका जागी राहीना.

इंधन फवारणारे इंजेक्टर मोठे घातले की पिगीबॅक मूळ ईसीयूला हवा कमी असल्याचं भासवतो, म्हणजे इंजेक्टर कमी वेळ उघडतात. पण हवा कमी, म्हणजे इंजिनावर भार कमी, असं समजून तोच ईसीयू टायमिंग पुढे नेतो, म्हणजे ठिणगी लवकर पाडतो, आणि पिगीबॅकला क्रँकचा (इंजिनाच्या फिरण्याचा) सिग्नल उशिरा पोचवून ते मागे खेचावं लागतं. एवढं जमवता येतं. खरी अडचण फ्युएल ट्रिमची. रोजच्या शांत चालीत मूळ ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून मिश्रण सुधारत असतो आणि ती सुधारणा, म्हणजेच ट्रिम, लक्षात ठेवतो. माझ्या गाडीत हीच शिकलेली सुधारणा तो बूस्टमध्येही लावत असे. ट्रिम शून्याजवळ असताना बूस्टमध्ये वाइडबँडवर (मिश्रण मोजणाऱ्या मीटरवर) ११.७ दिसायचं, म्हणजे एक भाग पेट्रोलला ११.७ भाग हवा; आकडा वाढला की पेट्रोल कमी. महिनाभरात ट्रिम वजा ६ टक्क्यांवर सरकली की तोच गिअर, तोच चढ, आणि आकडा १२.४. म्हणून मी पिगीबॅकचा मॅप (इंधनाच्या आकड्यांचं टेबल) सुधारून पुन्हा ११.७ वर आणला. मग कुठल्याशा कामासाठी बॅटरी काढली, शिकलेलं सगळं पुसलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी ११.० दिसायला लागलं. प्लग काजळलेले, एक्झॉस्टला पेट्रोलचा वास. पुन्हा मॅप, पुन्हा ट्रिम. १२.४ने इंजिन लगेच फुटत नाही, हे मान्य. पण मॅप बदललेला नसताना आकडा बदलतो, म्हटल्यावर प्रत्येक चढावर माझी नजर रस्त्याऐवजी मीटरवर जायला लागली. बूस्टची मजा त्यातच संपली.

स्टँडअलोन तुमचा अंत पाहतो, हेही सांगायला हवं. कोल्ड स्टार्ट जुळवायला मला कित्येक सकाळी लागल्या, कारण इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय दुसरा प्रयत्न करता येत नाही. एसीचा कॉम्प्रेसर लागला की आयडल डुगडुगायचं. नव्या गाड्यांत इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा) आणि डॅशबोर्डसाठी मूळ ईसीयू सोबत चालू ठेवावा लागतो. प्रदूषण तपासणीत डायग्नोस्टिक पोर्टवरून माहिती वाचत असतील, तर ती बाजू आधीच विचारून घ्या. नॉकिंगसाठी ट्यूनरने हेडफोन लावून दोन दिवस इंजिन ऐकलं, तेव्हा कुठे टायमिंग ठरलं.

पण एकदा जुळल्यावर ११.७ म्हणजे ११.७. शांत चालीत ऑक्सिजन सेन्सरवरची सुधारणा चालू ठेवली आणि बूस्टमध्ये ती लागूच होऊ दिली नाही. ३ बारचा मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) घातल्यामुळे ईसीयूला बूस्ट खराखुरा दिसतो. इनटेकची हवा तापली की तो टायमिंग आपणहून मागे घेतो, आणि त्या टेबलातला प्रत्येक आकडा मी ठरवलेला आहे.

तुम्हाला ०.३ बारच्या आतच राहायचं असेल, मूळ इंजेक्टर पुरत असतील आणि गाडी पुढेमागे विकायची असेल, तर पिगीबॅक चुकीचा ठरेल असं मी म्हणणार नाही. गाडी ठेवायची असेल, तर मात्र मी दुसऱ्यांदा तिथून सुरुवात करणार नाही.

गेल्या वर्षी एका चढावर वेस्टगेटची (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) छोटी नळी निसटली. वेस्टगेट उघडेना आणि बूस्ट चढत गेला. ०.५५ बारची मर्यादा मी घालून ठेवली होती. तिथे पोचताच ईसीयूने इंधन तोडलं आणि गाडीने एक जोराचा हिसका दिला. पिगीबॅक असताना मूळ ईसीयूला १ बारच्या वरचा दाब दिसूच दिलेला नव्हता, म्हणून त्याला यातलं काही कळलं नसतं, आणि माझ्या पिगीबॅकला इंधन तोडताही येत नव्हतं. बाजूला थांबलो, नळी परत बसवली आणि थ्रॉटल जपून देत घरी आलो. क्लिप दुसऱ्या दिवशी बदलली.