आधी सेपिया की आधी सेलेनियम?

डार्करूममधल्या कृष्णधवल प्रिंटचे उजळ आणि काळे भाग दोन वेगळ्या रसायनांनी, म्हणजे टोनरनी, रंगवायचे, याला स्प्लिट टोनिंग म्हणतात. ते करायला घेतलं की सुरुवातीला सगळं लक्ष रंगाकडे असतं. उजळ भागात ऊब हवी, काळ्यात वांगी झाक हवी, मधलं जमलं तर तसंच राहावं. त्यासाठी सेपिया आणि सेलेनियमच्या जोडीला माझ्या मते अजून तोड नाही. सोन्याचं टोनर देखणं आहे, सेपियावर ते केशरी-तांबूस होतं आणि नुसत्या चांदीवर (प्रिंटचं काळं चित्र चांदीचंच असतं) निळसर, पण हात बसेपर्यंत दहा प्रिंट वाया घालवण्याइतकं ते स्वस्त नाही. तेव्हा इथे प्रश्न फक्त क्रमाचा. ट्रे तेच, रसायनं तीच, मग आधी कोणता ट्रे? बरीच वर्षं मी सेपिया आधी करत होतो. आता बहुतेक वेळा उलटं करतो.

सेपिया आधी घेण्यात मजा आहे, हे कबूल केलं पाहिजे. विरळ ब्लीचमध्ये, म्हणजे चित्रातली काळी चांदी फिकी करणाऱ्या द्रावणात, प्रिंट टाकला की आधी सर्वात उजळ भाग हलतो, कारण तिथे चांदी कमी आणि कण बारीक. मग पिवळट फिकेपणा हळूहळू मधल्या टोनांकडे सरकतो. हवं तिथे थांबायचं, धुवायचं, थायोयुरियात टाकायचं, तिथे फिका भाग तपकिरी होऊन परत येतो. त्या थायोयुरियातलं हायड्रॉक्साइड वाढवलं तर गडद, थंड तपकिरी आणि कमी केलं तर पिवळसर, हा खेळही हातात राहतो. थायोयुरियाऐवजी सोडियम सल्फाइड वापरणाऱ्यांना कुजक्या अंड्यांचा वास सोसावा लागतो, शिवाय उघड्या पेपरवर काळपट धुकं चढायची भीती, म्हणून मी ते केव्हाच सोडलं. शेवटी सेलेनियम. उरलेल्या चांदीला ते पकडतं, काळे भाग दाट होतात आणि सेपियाची कडा त्यात अलगद मिसळते. रंगाची सांधेजोड या क्रमात जास्त मऊ होते, निदान माझ्या हातून तरी.

अडचण ‘हवं तिथे थांबायचं’ या तीन शब्दांत आहे.

एकदा एकाच निगेटिव्हचे सहा प्रिंट सारखे हवे होते. एक जुनं लाकडी दार, लोखंडी बिजागऱ्या, शेजारी चुन्यानं रंगवलेली भिंत. भिंत उबदार आणि बिजागऱ्या वांगी-काळ्या, एवढीच अपेक्षा. ब्लीचचा स्टॉक, म्हणजे दाट मूळ द्रावण, लिटरला 100 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड आणि 100 ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड, त्यातून 1+19 (एक भाग स्टॉक, 19 भाग पाणी) विरळ केलेलं. पहिला प्रिंट 40 सेकंदांनी उचलला, भिंत नेमकी गेली होती आणि दाराच्या फळीवरच्या रेघा शाबूत होत्या. पाण्यात टाकला आणि बघत राहिलो. फायबर पेपरच्या पोटात मुरलेलं ब्लीच पाण्यातही काम करत होतं. अर्ध्या मिनिटात फळीच्या रेघा गवताच्या काडीसारख्या पिवळ्या पडल्या. दुसरा प्रिंट म्हणून 30 सेकंदांना काढला, तर भिंतीचा कोपरा राखाडीच राहिला. तिसऱ्यापर्यंत ब्लीच थोडं दमलेलं होतं. चौथ्याला मी वैतागून ताजं केलं, की ते पुन्हा धावलं. सहाही प्रिंट टॉवेलवर ओळीनं मांडले तेव्हा सहा दारं होती, प्रत्येकाची ऊब वेगळ्या ठिकाणी संपत होती. एकेकटा पाहिला तर कोणताच वाईट नव्हता. पण मला एकच दार सहा वेळा हवं होतं.

ब्लीच आणखी विरळ करा, लवकर उचला, वाहत्या पाण्यात टाका, हे उपाय मी केले आहेत आणि त्यांनी फरक पडतो. तरी थांबण्याचा निर्णय अखेर अशा चित्राकडे बघून घ्यायचा असतो जे अजून तयारच नाही. फिका पडलेला भाग थायोयुरियात किती परत येईल, हे त्या क्षणी डोळ्याला दिसत नाही. ज्याला एकच प्रिंट हवा आहे त्याला हे थरारक वाटेल. मला सहाव्या प्रिंटनंतर ते वाटेनासं झालं.

उलट क्रमात भार घड्याळावर पडतो. सेलेनियम काळ्या भागांपासून सुरू होतं, खास करून क्लोरोब्रोमाइड, म्हणजे वॉर्मटोन (मुळात उबदार काळ्याच्या) पेपरवर, आणि जिथे चांदीचं सेलेनाइड झालं तिथे नंतरचं ब्लीच फारसं शिरत नाही. म्हणजे ब्लीचला मी मोकळं सोडू शकतो. जे जायचं ते सगळं जाऊ दे, सेलेनियमनं राखलेलं राहतंच. थांबायची जागा ब्लीचच्या 40 सेकंदांतून सेलेनियमच्या चार-पाच मिनिटांत सरकली, आणि मिनिटांत चूक पचते. एक तोटा आहे: बदल ओल्या प्रिंटवर नीट दिसत नाही. इलफर्डचा मल्टिग्रेड वॉर्मटोन किंवा फोमाटोन असेल तर शेजारी न रंगवलेला ओला प्रिंट ठेवून अंदाज येतो, पण न्यूट्रल पेपरवर काळं थोडं आणखी काळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच.

म्हणून मी आधी पट्ट्या करतो. त्याच निगेटिव्हच्या प्रिंटच्या चार पट्ट्या कापायच्या, प्रत्येकीत काळं, मधलं आणि उजळ तिन्ही येतील अशा. वॉर्मटोन पेपरला 1+19, न्यूट्रलला 1+5 सेलेनियम. एक, दोन, तीन आणि चार मिनिटं. नीट धुऊन चारही ब्लीचमध्ये, पूर्ण. सेलेनियम कुठवर पोचलं होतं ते तिथे लख्ख दिसतं, जणू ब्लीचच त्याचा डेव्हलपर. दोन मिनिटांच्या पट्टीत फक्त बिजागऱ्या उभ्या असतात, चारच्या पट्टीत अख्खं दार. हवी ती पट्टी निवडायची आणि तेवढीच मिनिटं सगळ्या प्रिंटांना. त्याच दाराचे नंतर पाच केले. शेजारी ठेवून फरक शोधावा लागतो.

आता या क्रमाची खोडी, कारण तिच्यापायी एक अख्खी रात्र गेली आहे. बाजारातल्या तयार सेलेनियममध्ये सहसा अमोनियम थायोसल्फेट असतं, म्हणजे फिक्सिंगला वापरतो तो आपला हायपोच. तो पेपरमध्ये राहिला आणि वर फेरिसायनाइड आलं, की दोघं मिळून फार्मर रिड्यूसर तयार होतं, 1883 पासून निगेटिव्हमधली जास्तीची चांदी खरवडायला वापरतात तेच. मी घाईत पाच मिनिटं धुऊन प्रिंट ब्लीचमध्ये टाकला. भिंत गेली, ते अपेक्षितच होतं. थायोयुरियात टाकल्यावर मात्र ती परत आलीच नाही. चांदी पाण्याबरोबर मोरीत गेली होती. तेव्हापासून सेलेनियमनंतर, हायपो निघून जावा म्हणून, सल्फाइटचं पाणी 10 मिनिटं आणि मग वाहतं पाणी किमान अर्धा तास, त्यात तडजोड नाही. सेपिया आधी केला तरी धुलाई चुकत नाही म्हणा. थायोयुरियात अर्धवट राहिलेलं चांदीचं ब्रोमाइड (ब्लीचनं चांदीचं जे होतं ते) सेलेनियममधला हायपो तितक्याच आनंदानं खातो. आणि मूळ फिक्सिंग अपुरं असेल तर सेलेनियमचे डाग दोन्हीकडे सारखेच.

मूळ प्रिंटही थोडा वेगळा लागतो. सेपियानं उजळ भाग आणखी फिके होतात, सेलेनियमनं काळे खोल जातात, त्यामुळे कॉन्ट्रास्ट दोन्ही टोकांनी ताणला जातो. ज्या प्रिंटला सेलेनियम आधी द्यायचं त्याला मी ग्रेड (पेपरच्या कॉन्ट्रास्टचा आकडा) अर्ध्यानं उतरवतो आणि उजळ भागाला थोडा जास्त प्रकाश देतो. पहिल्यांदा तो प्रिंट मंद वाटेल. वाटू द्या.

चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र मी अजून डळमळतो. सेलेनियम आधी केलं की दोन रंगांची हद्द जरा ठळक येते, आणि ती नेमकी गालाच्या सावलीवर पडली तर माणूस आजारी दिसतो. एकाच पोर्ट्रेटचा एकच प्रिंट करायचा असेल, वेळ असेल आणि दोन कागद फुकट गेले तरी चालणार असतील, तर सेपिया आधी करा, ती मऊ सांधेजोड तिथे शोभते. दगड, लाकूड, झाडं, रस्ते किंवा एकाहून जास्त प्रती असतील तर मला वाटतं सेलेनियमपासून सुरुवात केलेली बरी. हातमोजे आणि उघडी खिडकी दोन्हीकडे लागतात. सेलेनियम विषारी आहे आणि थायोयुरियाही काही साधुसंत नाही.

पट्ट्या फेकू नका. मी मागे पेन्सिलनं पेपर, विरळता आणि मिनिटं लिहून त्या पेपरच्या रिकाम्या पाकिटात ठेवतो. नवा पेपर आला की ते पाकीट आधी उघडतो, निगेटिव्ह नंतर.