सात महिने, पाच भाग आणि एक अमर घोडा : एका स्वप्रकाशित फँटसी मालिकेचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या सात महिन्यांत मी आणि माझे तीन वाचकमित्र यांनी पाच भागांची, सुमारे दोन हजार चारशे पानांची एक इंग्रजी स्वप्रकाशित फँटसी मालिका आठवड्यातून एकदा जमून मोठ्याने वाचून काढली. ती हसण्यासाठीच निवडलेली होती, हे आधीच कबूल करतो. म्हणून ‘वाचली’ म्हणण्यापेक्षा ‘वापरली’ म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते. मालिकेचे नाव मुद्दाम देत नाही. ती एका माणसाने एकट्याने लिहून स्वतःच बाजारात आणलेली आहे, आणि माझी तक्रार मालाविषयी आहे.

आमचा खेळ जुनाच आहे. जिम थाईस या अमेरिकन मुलाने सोळाव्या वर्षी लिहिलेली ‘द आय ऑफ आर्गॉन’ ही कथा १९७० मध्ये एका हौशी नियतकालिकात आली, आणि पुढे विज्ञानकथाप्रेमींच्या संमेलनांत ती गंभीर चेहऱ्याने मोठ्याने वाचण्याचा प्रघात पडला : हसू फुटले की प्रत पुढच्याच्या हातात द्यायची. आम्हीही हाच नियम ठेवला. पहिल्या भागाच्या पहिल्या प्रकरणात, म्हणजे अवघ्या चौदा पानांत, पुस्तक नऊ वेळा हात बदलून गेले.

याचे मोठे श्रेय डोळ्यांना जाते. लेखकाला ‘डोळे’ हा शब्द साधा वाटत असावा, त्यामुळे पहिल्या भागात सर्वत्र त्यांना ‘गोलक’ अशा अर्थाचा भारदस्त शब्द वापरलेला आहे. ‘तिचे निळे गोलक फरशीवरून सरकत दाराशी जाऊन थांबले’ असे वाक्य आले तेव्हा आमच्यातील एकाने अत्यंत गांभीर्याने विचारले, ‘मग ते उचलले कोणी?’ त्या दिवशीचे वाचन तिथेच संपले. हीच गत संवादांची. कोणीही काहीही ‘म्हणत’ नाही. पात्रे गरजतात, फूत्कारतात, उद्गारतात, आणि एक म्हातारा पुजारी तर चहूकडे शत्रू असताना तळघरात लपून ‘हळूच गर्जना’ करतो. समानार्थी शब्दांचा कोश हाताशी असणे वाईट नाही, पण त्यातील प्रत्येक शब्दाला कामाला लावलेच पाहिजे असे लेखकाने मनावर घेतलेले दिसते.

तपशिलाच्या चुका मात्र वेगळ्या जातीच्या आहेत आणि मला त्या अधिक शिकवून गेल्या. नायकाची तलवार चाळीस किलोंची आहे आणि तो ती एका हाताने फिरवतो. मध्ययुगीन युरोपातील एकहाती तलवारी साधारण एक ते दीड किलोच्या असत, दोन हातांनी पेलण्याच्या दोन-तीन किलोंच्या. त्यामुळे हा नायक वास्तविक एक धान्याचे पोते घेऊन लढतो आहे. त्याचा घोडा सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत न थांबता भरधाव दौडतो. खराखुरा घोडा तशा वेगाने काही किलोमीटरच टिकतो; दिवसभराच्या प्रवासात त्याला चालवत, दुडक्या चालीने न्यावे लागते, मध्ये चारापाणी द्यावे लागते. हाच घोडा पहिल्या भागाच्या अखेरीस दीड पान शोक करून पुरला जातो आणि तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला, कोणतेही स्पष्टीकरण न देता, तबेल्यात खिंकाळतो. आरंभी जोडलेल्या नकाशात मुख्य नदी डोंगरातून उगम पावून वाटेत तीन फाटे फोडते आणि ते तीन वेगवेगळ्या समुद्रांना मिळतात. नद्या उतारावर एकत्र येत जातात आणि फुटतात त्या बहुधा मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशात, हे शाळेत शिकलेले भूगोलाचे ज्ञान मला या मालिकेने पुन्हा वापरायला लावले.

सर्वांत आवडता प्रमाद मात्र दुसऱ्या भागातला. राजाचे नाव मूळ हस्तलिखितात ‘इयान’ असावे आणि शेवटच्या क्षणी ते ‘डॉर्व्हन’ करावेसे वाटले असावे. संगणकाला ‘सगळीकडे बदल’ अशी एकच आज्ञा दिली गेली, पण पूर्ण शब्दच बदलावा अशी अट घालायची राहिली. परिणामी ‘जायंट’ या इंग्रजी शब्दाच्या पोटात लपलेली तीच तीन अक्षरेही बदलली, आणि डोंगरातून राक्षसांऐवजी ‘जीडॉर्व्हंट’ नावाची टोळी खाली उतरली. आम्ही ती नवी जमात समजून अर्धा तास परिशिष्टात शोधत होतो. पुढच्या पानावर वाड्याच्या दाराशी ‘गार्डडॉर्व्हन’ उभा राहिला तेव्हा उलगडा झाला. एखाद्या मुद्रितशोधकाने हे एका बैठकीत पकडले असते. संपादक भाषा सुधारतो एवढीच माझी समजूत होती. मेलेला घोडा मेलेलाच राहील याची नोंद ठेवणारी वहीदेखील त्याच्याच टेबलावर असते, हे मला इथे कळले.

तिसऱ्या भागात एक अपवाद घडला. नदीपार नेणारा एक नावाडी पूर ओसरण्याची वाट पाहत बसला आहे. दोर कुठे झिजला आहे ते तो बोटांनी चाचपतो, पाण्याचा रंग पाहून तळाशी किती गाळ आला असेल याचा अंदाज बांधतो, आणि प्रवाशांना नाही म्हणतो. येथे गोलक नाहीत, गर्जना नाहीत. अकरा पाने पुस्तक माझ्याच हातात राहिले आणि कोणी हसले नाही. लेखकाला नावा ठाऊक असाव्यात आणि तलवारी ठाऊक नसाव्यात, असा माझा तर्क आहे. त्यानंतर नावाडी एका भाकितापायी मारला जातो आणि मालिका पूर्ववत होते.

चौथा भाग ही माझी खरी तक्रार. तोपर्यंत कोणीतरी लेखकाला सल्ले दिले असावेत : विशेषणे छाटलेली, वाक्ये आखूड, सगळे ‘म्हणतात’. चुका निम्म्याने घटल्या आणि वाचन दुपटीने जड झाले, कारण पूर्वी प्रत्येक वाक्यामागे जीव तोडून लिहिणारा माणूस दिसत होता. आता त्या जागी पाचशे पानांचे दरबारी करारमदार आहेत. दोन बैठका आम्ही कारणे सांगून बुडवल्या. पाचव्या भागात जुना उत्साह काही अंशी परतला, विशेषतः शेवटच्या युद्धात, जिथे दोन चंद्र एकाच रात्री तीनदा उगवतात.

ई-बुक म्हणून माल सामान्य आहे. अनुक्रमणिकेतील दुवे भलत्याच प्रकरणाकडे नेतात आणि नकाशा लहान पडद्यावर वाचता येत नाही, जे कदाचित नद्यांच्या हिताचेच असावे. आम्ही ही मालिका किंडल अनलिमिटेडवर, म्हणजे ॲमेझॉनच्या वर्गणी भरून ई-पुस्तके वाचण्याच्या सेवेवर, वाचली. तेथे २०१५ पासून लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशेबाने पैसे मिळतात, म्हणजे आमच्या टवाळीच्या प्रत्येक पानाचे मानधन त्याच्या पदरात पडले. हे कळल्यावर मला थोडे बरे वाटले.

कारण टवाळीची दुसरी बाजूही आहे. थाईस याने १९८४ मध्ये एका रेडिओ मुलाखतीत, आपल्या कथेची थट्टा होते याचे दुःख बोलून दाखवले आणि पुन्हा काही लिहिणार नाही असे सांगितले. हे वाचल्यावर आम्ही आणखी एक नियम केला : हसणे खोलीतच ठेवायचे, आणि मालिकेच्या पानावर परीक्षण लिहायचेच झाले तर नावाड्याच्या अकरा पानांविषयी लिहायचे. तसे मी लिहिले आहे.

एकट्याने शांतपणे वाचण्यासाठी ही मालिका मी कोणालाही सुचवणार नाही. चार जण, दर आठवड्याला एक मोकळी संध्याकाळ आणि खणखणीत आवाज असेल तर पहिले दोन भाग अवश्य घ्यावेत, तिसरा नावाड्यापर्यंत वाचावा आणि चौथा सरळ ओलांडावा. शेवटच्या पानावर सहाव्या भागाची घोषणा आहे. पाचव्या भागात घोडा दुसऱ्यांदा मेला आहे, त्यामुळे आम्ही वाट पाहत आहोत.